कुळवामागची पावलं

[रान. पाच घोडे, मागे धुळीचा लोट.]

पाच बेल्जियन घोडे एका ओळीत. मागे दातेरी कुळव, आणि कुळवामागे लगाम धरून चालणारा माणूस. बसायला जागा नाहीच. चेहरा दिसणार नाही. तो ओल्ड ऑर्डर आमिश, म्हणजे यंत्रं टाळून जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. ही माणसं सहसा कॅमेऱ्याला चेहरा देत नाहीत. आपण पाठमोरेच चालू.

कुळव ३ मीटर रुंद धरला, तर १ हेक्टरला एक पाळी घालायची म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या वर चाल. आडवी पाळी घातली की दुप्पट. वळणं वेगळी. नांगरलेलं रान पायाखाली सरकतं, टाच रुतते, पाऊल आखूड पडतं. सडकेवरच्या तेवढ्याच अंतराला इतका दम लागत नाही.

[कंबरपट्टा, जवळून.]

ही डबी म्हणजे पेडोमीटर. आत स्प्रिंगवर तोललेली दांडी. पाऊल पडलं की कंबर हलते, दांडी खालीवर होते, आकडा एकाने वाढतो. डबी उभी सरळ हवी. सुटलेल्या पोटावर ती कलते आणि पावलं गाळते. वजन तर तिला कळतच नाही. गवताची गासडी माळ्यावर फेकली, तरी मोजणी शून्य.

कॅनडातल्या ऑन्टारिओत ९८ आमिश स्त्री-पुरुषांनी अशी डबी आठवडाभर लावली. अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांची दिवसाची सरासरी १८,४२५ पावलं, बायकांची १४,१९६. कुळवामागे चालणाऱ्या एका शेतकऱ्याची एका दिवसाची पावलं ५१,५१४.

[जेवणाचं टेबल.]

आता ताट. मांस, बटाटे, वर दाट ग्रेव्ही, अंडी, भाज्या, पाव, शेवटी केक आणि ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ. चरबी आणि साखर दोन्ही सढळ. लठ्ठपणाचा सगळा दोष ताटावर टाकणाऱ्यांनी हे ताट एकदा नीट बघावं.

[ट्रॅक्टर.]

इथे अंतर तेवढंच, पण माणूस सीटवर. खडबडीत रानात सीट हादरते आणि डबी न चाललेली पावलंही मोजून टाकते.

त्या अभ्यासात लठ्ठ पुरुष एकही नव्हता, बायकांपैकी ९ टक्के लठ्ठ. एवढ्यावरून चाल हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण १९८५ ते २०१७ मध्ये जगाचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वाढला त्यातला निम्म्याहून जास्त वाटा खेड्यांचा.

[संध्याकाळ.]

घोडे सुटले. आधी पाणी, मग गव्हाण. दूध काढायचं अजून बाकी आहे. बादल्या घेऊन तो गोठ्याकडे निघालाय.