लोणार: कड्यावरून परत फिरू नका

नमस्कार श्रोतेहो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय, पण वरून. कड्यावर उभं राहायचं, फोटो काढायचा आणि शेगावच्या रस्त्याला लागायचं. अहो, १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर उल्केनं काळ्या कातळात कोरलंय, त्याला तासभर तरी द्या! हल्ली देवळातसुद्धा लोक सेल्फीसाठी देवाकडे पाठ करूनच उभे असतात म्हणा. असो.

निघण्याआधी घरी एक काम करा. पांढरा कागद दाट हळदीच्या पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. पाण्याची बाटलीही घ्या, माणशी दोन लिटर. विवराच्या तळाशी असलेल्या सरोवराचं पाणी पिण्याचं नाही. पुन्हा सांगतो, ते पाणी पिण्याचं नाही.

आता ऐका २०२० सालच्या जूनची गोष्ट. टाळेबंदी होती, कड्यावर चिटपाखरू नव्हतं. अशात एके दिवशी दिसलं, की एरवी हिरवं असणारं सरोवर गुलाबी झालंय. फोटो जगभर गेले. मग तर्कांना ऊत आला. कुणी शेवाळाचं नाव घेतलं, कुणी कोप म्हणालं, कुणाला ती फोटोतली करामत वाटली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही दखल घेतली. वनखात्याने पाण्याचे नमुने भरले आणि ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले. तिथे काय झालं असेल? ताक रात्रभर ठेवलं की निवळी वर येते आणि चोथा तळाला बसतो ना, अगदी तसंच! नमुना हलवला नाही तेव्हा गुलाबी साका खाली बसला आणि वर उरलं नितळ पाणी. रंग होता हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. अतिखारट पाण्यात ते सुखाने नांदतात आणि कडक उन्हापासून बचाव म्हणून अंगात लालसर रंगद्रव्य बाळगतात. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. म्हणजे गुलाबी सरोवर बघायचं म्हणून तिकीट काढू नका. ते कधी होईल, याची तारीख नसते.

हळदीची पट्टी मात्र केव्हाही चालते. गोमुखाच्या धारेला बारमाही गोडं पाणी आहे. तिथे पट्टी बुडवा, पिवळीच राहील. मग पायवाटेने खाली उतरा आणि दुसरी पट्टी सरोवरात बुडवा. ती लाल होईल, कारण पाण्यात सोडा भरपूर आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. पट्ट्या तिथे टाकू नका, खिशात घालून परत आणा.

खाली सांभाळायचा तो काठ. पाणी आटतं तिथे पांढरी खपली धरते. वरून वाळलेली वाटते, खाली लिबलिबीत गाळ असतो. पाय घोट्यापर्यंत जातो आणि चप्पल आतच राहते. म्हणून बुटांच्या नाड्या घट्ट बांधा आणि काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. कमळजादेवीच्या देवळाजवळ पाणी ओसरलेलं असेल, तर सासू-सुनेची विहीर दिसते. तिची एक बाजू गोडी, दुसरी खारी असं सांगतात. कुठली बाजू कुणाची, हे ज्याने त्याने ठरवावं.

परतीची चढण सुमारे १३७ मीटरची आहे, म्हणजे चाळीसेक मजल्यांची. हा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे वेळ आणि परवानगी वनखात्याच्या फाटकावर विचारून घ्या आणि उजेडात वर या.

गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. छताचं कोरीवकाम अंधारात आहे, बॅटरी लागेल. शेवटी अंबर तळ्याकाठचा आडवा पहुडलेला मोठा मारुती. तिथल्या शिळेजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मोबाइलवर बघणार असाल, तर चुंबकवालं कव्हर आधी काढा, नाहीतर आपल्याच कव्हरचं श्रेय मारुतीला द्याल.