भेग पडते, तडा जातो, फट राहते

(दृश्य: कोल्हापूर, कुंभार गल्ली)

मडकं घेणारी बाई आधी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं. बद्द वाजलं, की "चीर हाय बघा ह्याला," म्हणून परत ठेवायचं. बरेचदा ती चीर डोळ्यांना दिसतही नसते.

चीर, भेग, फट, तडा. शब्दकोशात हे सगळे एका ओळीत बसतात, बोलताना मात्र कुणी त्यांची अदलाबदल करत नाही. दाराला फट असते. दार आणि चौकट मुळातच वेगळे, त्यांच्यामध्ये राहिली ती फट. तिथे काही मोडलेलं नसतं.

(दृश्य: शिरोळकडचं काळं रान, भर उन्हाळा)

इथे फट म्हणून चालणार नाही. काळ्या रानातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना जमीन फाटते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. रान भेगाळलं, असं म्हणतात. टाचा फुटतात त्याही भेगाच; कारण तेच, कोरडेपणा. वळीव चांगला झाला की रानातल्या भेगा मिटतात.

तडा मिटत नाही. उकळता चहा ओतला की काचेच्या ग्लासला तडा जातो, पाया खचला की भिंतीला जातो. विश्वासालाही तडाच जातो, भेग पडत नाही. हल्ली बातम्यांत युतीमध्ये 'दरार' पडते. ती हिंदीतून आली. घरात तडा असताना तिला बोलवायची गरज नव्हती.

गवंड्यांचा शब्द आणखी वेगळा. दगडी भिंतीत दोन दगडांमधली रेघ म्हणजे दर्ज. भिंत उभी राहिली की दर्जा भरून घ्यायच्या, नाहीतर पाणी मुरतं.

(दृश्य: पन्हाळा तालुका, बांदिवडे)

आणि हे दगडी खांब कुणी घडवलेले नाहीत. दख्खनवर लाव्हा पसरला त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. तो निवताना आकसला, वरून खाली चिरत गेला आणि असे बहुकोनी खांब सुटे झाले. भूशास्त्रात या चिरांना 'सांधे' म्हणतात. जे तुटलं त्यालाच सांधा म्हणायचं, हे जरा अजबच. काळ्या रानात पाणी गेलं म्हणून माती आकसली, इथे उष्णता गेली म्हणून खडक. शिरोळच्या शेतकऱ्याला दाखवलं, तर तो याला भेगाच म्हणेल.