आधी पाय, मग चेहरा

नमस्कार श्रोतेहो. बॅले नर्तकांचे भूमिकेच्या वेशातले जुने फोटो, म्हणजे साधारण १९०० ते १९३० या काळातले, कसे बघायचे ते आज सांगणार आहे. एवढंच लक्षात ठेवा: चेहरा नंतर, आधी पाय.

यातले बहुतेक फोटो प्रयोग चालू असताना काढलेलेच नाहीत. रंगमंचावरच्या उजेडात त्या काळच्या काचेच्या प्लेटवर पळता पाय पुसटच उमटायचा. म्हणून नर्तकी वेश करून स्टुडिओत यायची आणि पायाच्या बोटांच्या शेंड्यावर, जराही न हलता, उभी राहायची. तोल सांभाळायला कधी मागे आधार असायचा आणि निगेटिव्हवर रंग लावून तो नाहीसा केला जायचा. आपल्याकडे १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांचे भामिनीच्या वेशातले फोटो आठवून बघा, तीही बसवलेलीच पोझ आहे.

आता आन्ना पावलोवा या रशियन बॅले नर्तकीची गोष्ट. ‘मरणारा हंस’ हा तिचा नाच जगभर गाजला. नृत्यरचना मिखाईल फोकिनची, संगीत सां-साँसचं. जेमतेम काही मिनिटांचा नाच, आणि त्यातला बराचसा वेळ ती बोटांच्या शेंड्यांवर अगदी बारीक, भरभर पावलं टाकत सरकते. तिचे पाय अरुंद होते, तळव्याची कमान फार उंच. अशा पायावर उभं राहिलं की सगळा भार अंगठ्यावर येतो. म्हणून ती बुटात चामड्याचा कडक तळ घालायची, आणि टोक सपाट नि टणक करून घ्यायची, म्हणजे टेकायला जागा मिळावी. तेव्हाच्या काही नर्तकींना ही लबाडी वाटली. आज तर बोटांवर नाचणारी प्रत्येक मुलगी कडक टोकाचे बूटच घालते. माझ्या मते ती लबाडी नव्हती, स्वतःचा पाय नीट ओळखणं होतं.

पण फोटोत ते रुंद टोक दिसलेलं तिला चालायचं नाही. का? तर १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी ‘ला सिल्फीद’ नाचली, तेव्हापासून तिची छापील चित्रं घरोघरी पोचली होती. चित्रकाराने पाय सुईसारखा निमुळता काढलेला, जणू फुलावर टेकलाय. प्रेक्षकांच्या डोळ्यांना तीच सवय झाली. कॅमेऱ्याला असा पाय काढता येईना, मग ते काम रीटचिंग करणाऱ्या, म्हणजे निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे आलं.

तो काय करायचा? निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फिकट सॅटिनचा बूट तिथे काळा, दाट दिसतो. मागचा पडदा गडद असेल, तर धारदार पात्याने बुटाच्या कडेचं इमल्शन, म्हणजे काचेवरचा चित्र उमटलेला थर, हळूहळू खरवडायचं. खरवडलेला भाग छापल्यावर गडद येतो आणि पडद्यात मिसळून जातो. हात जरा जड पडला की काच उघडी पडते, आणि छापात तिथे कसलाच पोत नसलेला ठार काळा डाग उमटतो. पडदा फिकट असेल, तर पेन्सिलीने किंवा रंगाने भर घालून कड बुजवायची. अशा हातांतून गेलेल्या फोटोंत पावलोवाचा बूट टाचणीसारखा टोकदार होतो.

म्हणून सांगतो, आधी पाय. आठ-दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, बुटाचं टोक बघा, मग जमिनीवरची सावली बघा. टोक निमुळतं आणि सावली रुंद असेल, तर पातं फिरलेलं आहे. कारागीर बूट कोरतो, सावली राहून जाते. आणि भिंगाखाली ओळीने ठिपके दिसले, तर हातात फोटो नाही, छापखान्यातलं चित्र आहे.

जाता जाता एक कळकळीची विनंती. घरातल्या आजी-पणजीच्या कृष्णधवल फोटोंना मोबाइलवरून रंग चढवू नका. चढवलेच, तर मूळ फोटो तसाच जपा. त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून लाल लुगडं काळं येई. यंत्र त्या काळ्यावरून अंदाजाने भलताच रंग काढतं, आणि पुढची पिढी तोच खरा धरते.

आता निजिन्स्की, त्याच काळातला गाजलेला रशियन बॅले नर्तक. तो नाचतानाची फिल्म नाही, त्यामुळे फोटो हाच मुख्य पुरावा. १९११ साली पॅरिसमध्ये त्याने ‘पेत्रुश्का’ केला, म्हणजे जत्रेतली भुशाची बाहुली. त्याचे त्या वेशातले फोटो मिळाले तर तेही पायांपासूनच बघा. बॅलेत पहिल्या दिवसापासून पाय बाहेर वळवायला शिकवतात, वर्षानुवर्षं तेच घोटून घेतात. इथे त्याने दोन्ही पावलं आत वळवली आहेत, गुडघे एकमेकांकडे ढिले झुकलेत, बोटं नसलेल्या मोज्यांतले हात निर्जीव लोंबताहेत. मान एका बाजूला पडलीय. आता वर चेहऱ्याकडे या.