बांधावरची पांढरी फुलं

(दृश्य: पहाट. पुरंदर तालुक्यातला एक बांध. कमरेइतकं वाढलेलं गवत, दवाने ओली झालेली बारीक पांढरी फुलं.)

लांबून पाहिलं तर बांधावर कुणीतरी साबुदाणा सांडलाय असं वाटतं. जवळ गेलं की पानं दिसतात, गाजराच्या पानांसारखी कातरलेली. म्हणून हे गाजरगवत. कुणी पांढरफुली म्हणतं. गावात मात्र याचं चालू नाव एकच, काँग्रेस. "औंदा बांधाला काँग्रेस लई माजलंय" हे वाक्य पावसाळ्यात कुठल्याही पारावर ऐकू येतं.

नावात गवत असलं तरी हे गवत नाही. शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातलं हे रोपटं आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

(दृश्य: भिंगातून देठ. उन्हात चमकणारी लव.)

देठावरची ही लव नीट पाहा. या केसांमध्ये पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड हिरवं असताना असतं, वाळल्यावरही असतं. वाळलेलं झाड चुरगळतं, त्याची धूळ होते, आणि मळणीच्या, रस्त्याच्या, खळ्याच्या धुळीबरोबर ती उडते. कातडीवर बसायला झाडाला हात लावावा लागत नाही.

(दृश्य: ओसरी. भिंतीला टेकून बसलेले आजोबा, वय सत्तरीच्या आसपास. चेहरा, मग पापण्या, मग मान. इथे दहा सेकंद निवेदन नाही.)

आता याच चेहऱ्याकडे त्वचारोगतज्ज्ञ कसे पाहतात ते बघू.

पहिली शंका उन्हाची येते. आजोबांनाही बारा वर्षं तेच वाटत होतं. "ऊन बाधतंय म्हणायचो, दुसरं काय?" उन्हाने कातडी बिघडली तर कपाळ, नाक, गाल, मानेची मागची बाजू लाल होते. हनुवटीच्या खालची जागा, कानामागची खाच, वरची पापणी, इथे ऊन सहसा पोचत नाही. त्या जागा बऱ्याचदा वाचतात.

आजोबांच्या नेमक्या त्याच जागा जास्त बिघडल्या आहेत. पापण्या सुजून जड झाल्यात. कानामागे भेगा आहेत. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागे, जिथे घाम साचतो आणि घामात धूळ अडकते, तिथली कातडी जाड, काळपट, रेघारेघांची झाली आहे. सदऱ्याच्या उघड्या गळ्याशी त्रिकोणी चट्टा आहे. आता टोपी काढल्यावर बघा. (दृश्य: टोपी काढतात.) टोपीखालची कातडी साफ आहे.

ऊन वरून पडतं. धूळ सगळीकडून येते. कुठे आहे आणि कुठे नाही, एवढं नीट पाहिलं की अर्धं निदान ओसरीवरच होतं. या आजाराला हवेतून होणारा संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात.

(दृश्य: जुन्या पुण्याची छायाचित्रं. मग रेल्वेचे रूळ, रुळांच्या कडेला पांढरी फुलं.)

ही वनस्पती इथली नाही. तिचं मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि मध्य अमेरिका. भारतात तिची ठळक नोंद झाली ती पुण्यात. १९५५ च्या सुमारास ती इथे दिसली, आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली.

मग ती आली कशी? घरोघरी सांगितलं जातं की अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आली, 'पीएल ४८०' या अमेरिकी कायद्याखाली मिळालेल्या मदतीच्या गव्हातून. पण त्या कायद्याखालचा भारताचा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि झाड त्याआधीच पुण्यात दिसलं होतं. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाची १८१४ साली छापलेली यादी आहे, तिच्यातही हे नाव सापडतं. धान्याबरोबर बी आलं असणं अगदी शक्य आहे. सगळा दोष एकाच बोटीवर टाकता येत नाही, एवढंच. आपल्या बांधावर ते टिकलं याचं कारण कुठल्या बंदरात नाही, याच मातीत आहे.

(दृश्य: तळहातावर बी. फुंकर मारल्यावर उडतं.)

एक झाड दहा हजारांहून जास्त बी टाकू शकतं. चांगलं पोसलेलं झाड पंचवीस हजारांपर्यंत जातं. बी इतकं हलकं की वाऱ्याने उडतं, पाटाच्या पाण्यातून वाहतं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून शेजारच्या गावात जातं, शेणखतातून परत आपल्याच शेतात येतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल लागतं. ओल मिळाली तर वर्षातून तीन-चार पिढ्या होतात. आज देशात सुमारे ३५० लाख हेक्टरवर हे पसरलंय असा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा अंदाज आहे.

पुण्यात झाड दिसलं आणि पुण्यातच आजार ओळखला गेला. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या चेहऱ्यावरचे हे चट्टे गाजरगवतामुळे आहेत, हे इथले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली शोधनिबंधातून मांडलं. मागच्या पन्नास वर्षांत ते ज्ञान गावापर्यंत किती आलं? आजोबांच्या कोनाड्यात बघा.

(दृश्य: कोनाडा. रिकाम्या, पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा. कॅमेरा एकेक ट्यूबेवरून सरकतो.)

या सगळ्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या. बहुतेकींमध्ये कडक स्टेरॉइड, त्यात बुरशीचं औषध मिसळलेलं. लावलं की चार दिवस आराम, सोडलं की दुप्पट खाज. चेहऱ्यावर वर्षानुवर्षं असं मलम चोळल्याने कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात. कृपा करून असं मलम स्वतःच्या मनाने आणू नका.

(दृश्य: रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. आजोबा पाठ उघडी करून बसलेत. पाठीवर छोट्या वाट्यांच्या रांगा चिकटवल्या जात आहेत.)

ही पॅच टेस्ट. सुई नाही, रक्त नाही. प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ आहे. नकली दागिन्यांतलं निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या कलपातलं पीपीडी, अत्तरांचं मिश्रण. आणि या रांगेत गाजरगवत. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाण संचात गाजरगवताला स्वतःची जागा आहे. पट्ट्या दोन दिवस राहतात. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, घाम गाळायचा नाही. हंगामात दोन दिवस बसून राहणं शेतकऱ्याला किती अवघड जातं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे.

(दृश्य: ४८ तासांनी पट्टी निघते. एका खुणेखाली लाल, उंचावलेला, बारीक फोड आलेला गोल.)

बाकी जागा साफ. एकच गोल उठलाय. डॉक्टर आणखी दोन दिवसांनी तो परत तपासतील, कारण ही ॲलर्जी संथ असते.

हे "संथ" समजून घेण्यासारखं आहे. गाजरगवत आपल्या शरीरात शिरतं त्याच्या दोन वाटा आहेत. पराग नाकात गेले तर शरीर आधीच तयार ठेवलेली आयजीई नावाची प्रथिनं वापरून काही मिनिटांत उसळतं. सटासट शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, काहींना दमा. पार्थेनिन कातडीवर बसलं तर गोष्ट वेगळी. तिथे काम करतात टी पेशी. त्यांना जमा व्हायला एक-दोन दिवस लागतात. सोमवारी बांध साफ केला तर खाज बुधवारी. माणूस बुधवारी काय खाल्लं ते आठवत बसतो आणि वांग्याला दोष देतो.

आणखी एक. "चाळीस वर्षं याच बांधावर वावरलो, तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" आजोबांचा हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख साठवतं. कुणाचं महिन्यात साठतं, कुणाचं तीस वर्षांत. एकदा साठलं की पुढे चिमूटभर धूळ पुरते. कधीकधी त्याच कुळातली शेवंतीही चालेनाशी होते. देवाच्या हारातली शेवंती आता सूनबाई त्यांच्यापासून लांब ठेवतात.

उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलम, खाजेच्या गोळ्या, हट्टी आजारात ॲझाथायोप्रिन. या औषधाचा याच आजारावरचा मोठा अनुभव दिल्लीच्या एम्समध्ये घेतला गेला आहे. मध्येमध्ये रक्त तपासावं लागतं. दम लागला, छातीत घरघर झाली, ओठ-जीभ सुजली तर घरगुती उपाय नाही, थेट १०८.

(दृश्य: गोठा. सूनबाई धार काढत आहेत. म्हैस पाय झटकते.)

आता गोठ्यात या. बांध तोच आहे.

म्हशीच्या कासेवर आणि सडांवर फोड आहेत, म्हणून ती धारेला पाय झटकते. तोंडाभोवतीचे केस गळलेत. मानेवर कातडीचा रंग उडालाय. गुरं गाजरगवत आवडीने खात नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी दुसरं हिरवं नसलं, किंवा वैरणीच्या पेंढीत कापून आलं, तर खातात. मग पार्थेनिन दुधात उतरतं.

(दृश्य: सूनबाई बोटावर थेंब घेऊन चव बघतात. तोंड वाकडं होतं.)

"कडू लागतंय. डेअरीवाले घेत नाहीत." वैरणीत प्रमाण फार वाढलं तर गुरं महिन्याभरात दगावू शकतात. उपाय गव्हाणीपाशी सुरू होतो. पेंढी सोडून निवडायची, म्हशीला बांधापासून लांब चारायचं, अंग स्वच्छ पाण्याने धुवायचं. आणि डॉक्टरला बोलावायचं, कारण गोचीड, खरूज, बुरशी यांनीही असंच दिसतं.

(दृश्य: पुण्यातली एक टेकडी, सकाळ. पांढऱ्या फुलांतून पळणारं लॅब्रॅडॉर.)

शहरातल्या माणसाला वाटेल हे गावाचं दुखणं आहे. टेकडीवरच्या या पायवाटा बघा.

माणसाला परागांचा त्रास झाला तर तो शिंकतो. कुत्रं बहुतेक वेळा शिंकत नाही, खाजवतं. सारखे पंजे चाटणं, काखेत आणि पोटाखाली लाली, कान पुन्हा पुन्हा बिघडणं, तोंड सतरंजीवर घासणं. या कुत्र्याच्या पंजांमधले पांढरे केस चाटून चाटून तांबूस झालेत, ती लाळेची खूण आहे. पशुवैद्य आधी पिसवा बघतात, मग खरूज आणि बुरशी तपासतात, आणि शेवटी ॲलर्जीकडे वळतात. हा क्रम बरोबर आहे, कंटाळू नका. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणं मात्र आजपासून सुरू करता येतं. पलंगावर चढणारं कुत्रं टेकडीवरचे पराग तुमच्या उशीवर आणतं, तेव्हा फायदा दोघांचा. आपल्या गोळ्या त्याला देऊ नका. सर्दीच्या मिश्र गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात, आणि मांजराला एक पॅरासिटामोलसुद्धा जीवघेणी होते.

(दृश्य: पाऊस थांबलाय. पानावर एक भुंगेरा. दुधी रंगाच्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा. कॅमेरा बराच वेळ त्याच्यावर.)

हा आपला पाहुणा, झायगोग्रामा बायकोलोराटा. गावात मेक्सिकन भुंगेरा म्हणतात. झाड जिथलं, तिथलाच त्याचा शत्रू. १९८३ साली तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, तपासला, आणि पुढच्या वर्षी सोडला. अळी खाते, प्रौढही खातो. बघा, शेंडा कसा साफ करतोय. शेंडा गेला की फूल नाही, फूल नाही तर बी नाही.

(दृश्य: पानाखाली अंडी. मग पिवळसर अळ्या. मग पानांची नुसती जाळी उरलेलं झाड.)

मध्ये एक वादळ झालं होतं. कर्नाटकात काही ठिकाणी हे भुंगेरे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले आणि शेतकरी घाबरले. चौकशी समिती नेमली गेली. अभ्यासात आढळलं की सूर्यफुलाच्या ज्या पानांवर गाजरगवताचे पराग पडले होते, तीच ते कुरतडत होते. मित्रकीटक म्हणून आज तो सोडला जातो. जिथे भरपूर आहेत तिथून डब्यात गोळा करायचे, जिथे नाहीत तिथे सोडायचे. पाऊस सरला की भुंगेरा जमिनीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसाला वर येतो. त्यामुळे हिवाळ्यात पाटाच्या कडेला उगवणाऱ्या गवतावर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. पावसाळ्यासाठी आणखी एक सोबती आहे, टाकळा. रिकाम्या जागी तो पेरा. हो, तोच टाकळा, ज्याच्या कोवळ्या पानांची आपण पावसाळ्यात भाजी करतो. दाट उगवला की तो गाजरगवताला जागाच देत नाही.

(दृश्य: बचत गटाच्या बाया बांधावर. पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे, तोंडाला ओढणी. ओल्या मातीतून झाड मुळासकट निघतं.)

दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. चांगलं आहे. पण आमच्या भागात जूनच्या पावसाने उगवलेलं झाड जुलैअखेर फुलावर येतं. या बाया म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उतरल्या. कळी नाही, माती ओली, मूळ सहज येतं. फूल नसलेलं झाड खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवलं की खत होतं. फूल आलेलं झाड उपटून बांधावर टाकणं म्हणजे बी पेरणं. आणि हात जोडून सांगतो, शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी हे उपटायला लावू नका. ज्यांना त्रास आहे त्यांनी तर बांधावर यायचंच नाही.

(दृश्य: आजोबा ओसरीवरूनच हात करून सांगतात, "त्या कोपऱ्यातलं राहिलं." सूनबाई: "बघितलंय मामा, तुम्ही बसा.")

आधी धुतलेले सदरे बांधाकडेच्या कुंपणावर वाळत असत. फुलांना टेकून. आता दोरी मागच्या पडवीत बांधली आहे.

(दृश्य: पडवी. दोरीवर तीन पांढरे सदरे, एक उपरणं. खाली रेडकू.)

म्हशीच्या कासेवरचे फोड सुकले आहेत. आजोबांच्या पापण्या अजून जड आहेत. डॉक्टरांनी पोळ्यानंतर परत बोलावलंय.