पाणी एकाचे, पाखरे दुसऱ्याची

श्रोतेहो, नमस्कार. पाणथळ जागांचे संरक्षण कोणी करायचे, हा आजचा विषय. आणि त्यासाठी मला तुम्हांला नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वरला न्यावे लागेल.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे गाळ साचून पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळी पाहुण्या बदकांनी तेथे मुक्काम ठोकला. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले, 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ, म्हणून जाहीर झाले. चापडगावच्या काठावर एका सकाळी तोफांएवढी भिंगे लावलेल्या छायाचित्रकारांची गर्दी होती. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर शेतकऱ्याला मी विचारले, "बाबा, ही जागा कोणाची?" ते म्हणाले, "पाणी पाटबंधाऱ्याचं, पाखरं जंगलखात्याची, गाळपेर आमच्या भाऊबंदांची. आता तुम्ही नेमकं काय विचारताय, ते सांगा." (गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळाच्या जमिनीत केलेली पेरणी.) मला उत्तर सुचेना, कारण मी विचारत होतो ते पाणी, पाखरे आणि गाळ मिळून जे बनते त्याबद्दल, आणि त्याला धनीच नव्हता.

कायद्याने हा धनी नेमला आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 2017 च्या नियमांनुसार प्रत्येक राज्यात पाणथळ प्राधिकरण असते आणि राज्याचे मंत्री त्याचे अध्यक्ष असतात. पाणथळींची यादी करणे, अधिसूचनेची, म्हणजे त्या सरकारने अधिकृतपणे जाहीर कराव्यात अशी, शिफारस करणे, हे त्याचे काम. भराव, अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेले सांडपाणी यांना मनाई आहे; सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकामही चालत नाही. मात्र हे नियम लागू होतात ते रामसर स्थळांना आणि अधिसूचित पाणथळींना. पुन्हा सांगतो, अधिसूचित पाणथळींना. केवळ सिंचनासाठी वा मिठासाठी बांधलेल्या जागा त्यांतून वगळल्या आहेत. म्हणजे अभयारण्याचे कवच नसलेला, पण तसाच गाळाने भरलेला आणि पाखरांनी गजबजलेला दुसरा एखादा बंधारा या नियमांच्या बाहेर राहू शकतो.

नियम अधिसूचनेची वाट पाहत असले, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती पाहिली नाही. उपग्रहाच्या साहाय्याने नोंदलेल्या 2,01,503 पाणथळींना त्याआधीच्या 2010 च्या नियमांतील मनाईची तत्त्वे लागू राहतील, असा आदेश न्यायालयाने 2017 मध्येच दिला आहे. तेव्हा "तुमचे तळे अधिसूचित नाही" असे कचेरीत ऐकायला मिळाले, तर ते या नोंदीत आहे का, एवढे अवश्य विचारा.