एका भिंतीचा दिवस

कॅमेरा आज आपण हलवणार नाहीये. समोर एक भिंत आहे, कालच तिच्यावर दुसरा हात मारून झालाय, शेडकार्डवर हा कलर फिकट राखाडी होता. आत्ता सकाळचे 7 वाजलेत, खिडकीतून ऊन थेट येत नाहीये, नुसता आकाशाचा उजेड आहे, आणि भिंत चक्क निळसर दिसतेय. राखाडी सांगितला आणि पेंटर भलताच डबा लावून गेला की काय असं वाटण्याइतपत. थांबा जरा, इतक्यात त्याला फोन करू नका.

सगळा घोळ त्या शेडकार्डपासूनच सुरू होतो. दोन बोटांएवढी पट्टी, ती बघायची दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, आजूबाजूला आणखी पन्नास पट्ट्या, आणि त्यावरून ठरवायचं की पुढची सात-आठ वर्षं कुठल्या रंगात राहायचं. लहान पट्टीवर शांत वाटणारा पिवळा चारही भिंतींना लागला की अंगावर येतो, कारण एका भिंतीवरून परतलेला पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, ती तो परत इकडे फेकते, आणि असं होत होत रंग आणखी पिवळा होत जातो. माझी स्टडी मी अशीच पोपटी करून बसलो होतो, कार्डवर तो कोवळ्या पानासारखा दिसत होता हो, आणि खोलीत बसल्यावर कागदसुद्धा हिरवट दिसायला लागले.

दुपारचे 12. आता ऊन थेट फरशीवर आलंय आणि फ्लोअरिंग आहे लाकडी, त्यामुळे भिंतीचा खालचा भाग बघा, तपकिरी झाक आलीय, वर मात्र अजून राखाडीच. म्हणजे भिंत आपण एकटेच रंगवत नाही, फरशी, सीलिंग, समोरचं कपाट, सगळे मिळून ती भिंत रंगवतात.

शेजारचे रंग आणखी एक खेळ करतात, तो उजेडाचा नाही, आपल्या डोळ्यातला, आणि तो पहिल्यांदा नीट पकडला एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. मिशेल युजीन शेव्हरल. पॅरिसमध्ये भिंतीवर लावायची मोठमोठी चित्रं कापडात विणणारा गोब्लांचा सरकारी कारखाना होता, तिथल्या रंगाई विभागाचा तो 1824 मध्ये प्रमुख झाला. तक्रार आली की काळा धागा नीट काळा होत नाही, निळ्या-जांभळ्या कापडाच्या चुण्या दाखवताना तो फिका पडतो. याने धागा तपासला, दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून बघितला, रंगात काही खोट नव्हती. गडबड होती शेजारच्या निळ्याची! दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. 1839 मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं, आणि नंतर चित्रकारांनी ते अक्षरशः डोक्यावर घेतलं. (गृहस्थ जगला 102 वर्षं, हे आपलं जाता जाता.)

आता हे घरात आणा. पिवळ्या भिंतीसमोर राखाडी सोफा ठेवला तर तो निळसर वाटेल, लाल भिंतीसमोर तोच सोफा हिरवट. सोफा बिचारा तोच आहे. म्हणून सॅम्पल जुन्या भिंतीवर थेट मारू नका, जुना रंग शेजारी राहतो आणि निकाल बिघडवतो. दोनेक फुटांचा पुठ्ठा घ्या, त्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि तो पुठ्ठा घरभर फिरवा, सकाळी खिडकीपाशी, रात्री दिव्याखाली, सोफ्यामागे, पडद्याला लावून. कंटाळवाणं आहे, पण खोली परत रंगवण्यापेक्षा बरंच.

पांढऱ्याचं तर विचारूच नका. लोक म्हणतात काही सुचत नाही ना, मग पांढरा लावून टाक, आणि तिथेच फसतात, कारण एकात पिवळ्याची झाक असते, दुसऱ्यात निळ्याची, तिसऱ्यात गुलाबीची. साधा झेरॉक्सचा कागद शेजारी धरा, लगेच कळतं.

सुरुवात कुठून करायची? जे बदलणार नाही तिथून. फरशी, किचनचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, मोठं फर्निचर. रंगाच्या हजारो शेड मिळतात, फरशी एकच आहे, मग रंगाने फरशीचं ऐकावं की उलट? 60-30-10 चा नियम सगळीकडे ऐकू येतो, 60 टक्के मुख्य रंग, 30 टक्के दुसरा, 10 टक्के उठून दिसणारा. हिशोब म्हणून ठीक आहे, पण तिन्ही रंग एकमेकांशी भांडणारे निवडले तर टक्केवारी काही वाचवत नाही.

आणि अमुक रंगाने मन शांत होतं वगैरे जरा जपूनच घ्या. 1979 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली होती, कैदी शांत होतात म्हणून खूप गाजावाजा झाला, पण पुढच्या प्रयोगांत तसा परिणाम काही टिकला नाही.

फिनिशचं थोडक्यात: ग्लॉसी पुसायला सोपं पण पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दाखवतं, मॅट सगळं झाकतं पण हाताचे डाग धरून ठेवतं.

संध्याकाळ झाली, दिवे अजून लावले नाहीत. खुर्चीवरची मरून उशी बघा, जवळपास काळी झालीय, शेजारची निळी मात्र अजून टिकून आहे. अंधुक उजेडात डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो, यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे दोनशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवलंय.

रात्रीचे 9. बल्ब लावलाय 2700 केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आकडा खोक्यावर असतोच, आणि भिंत आता क्रीम म्हणावी अशी झालीय. हाच बल्ब काढून 6500 चा, निळसर-पांढऱ्या उजेडाचा लावला... ही बघा, सकाळची निळसर भिंत परत आली. डबा तोच, दोन हातही तेच.

आता शेवटचं एक. भिंतीच्या अर्ध्या भागावर मी हा गडद हिरवा पडदा ओढतोय. पडद्याकडे बघू नका, त्याच्या कडेला लागून जी राखाडी भिंत उरलीय ना, तिच्याकडे बघा. दिसतेय का गुलाबी झाक?