आकड्याचा रंग होतो तेव्हा

मित्रहो, पडद्यावर काढलेल्या बहुभुजांना, वर्तुळांना, षट्कोनांना त्यांच्या आकड्यांनुसार रंग कसा द्यायचा, एवढाच आजचा विषय. नवखी मंडळी प्रत्येक आकारासाठी ‘अमक्यापेक्षा जास्त असेल तर लाल’ अशा अटी लिहीत बसतात. त्याची गरज नाही. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीमध्ये सगळे आकार एका पॅचकलेक्शनमध्ये, म्हणजे आकारांच्या एकत्र गठ्ठ्यात, भरायचे, त्याच क्रमाने मूल्यांची यादी म्हणजे अ‍ॅरे द्यायचा आणि कलरमॅपचं, म्हणजे मूल्यांना रंग नेमून देणाऱ्या तक्त्याचं, नाव सांगायचं. क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. अ‍ॅरे एका घराने सरकला तरी एररचा संदेश येत नाही. चित्र सुबकच दिसतं, फक्त प्रत्येक आकाराला शेजाऱ्याचा रंग लागलेला असतो.

आत दोन पायऱ्या असतात. आधी मूल्य 0 ते 1 मध्ये बसवलं जातं: त्यातून किमान मर्यादा वजा करायची आणि आलेल्या बाकीला कमाल आणि किमान यांतल्या फरकाने भागायचं. मग त्या अपूर्णांकावरून कलरमॅपच्या तक्त्यातला रंग उचलला जातो. तक्त्यात बहुधा 256 रंग असतात. चर्चा होते ती या रंगांची. पण चित्र खरं बोलतं की नाही, हे माझ्या मते पहिल्या पायरीवरच ठरतं.

समजा, बहुतेक मूल्यं 0 ते 10 मध्ये आहेत आणि एकच 500 आहे. मर्यादा तुम्ही दिल्या नाहीत, तर त्या उपलब्ध मूल्यांवरूनच घेतल्या जातात. मग 10 चा अपूर्णांक होतो 0.02. म्हणजे 256 पैकी जेमतेम पाच-सहा छटांमध्ये जवळजवळ सगळी माहिती कोंबली गेली! अशा वेळी कमाल मर्यादा हाताने खाली आणा आणि त्यावरच्या मूल्यांना वेगळा रंग द्या, किंवा लॉग प्रमाण (1, 10, 100 असं पटीने वाढणारं) वापरा. लॉगला शून्य चालत नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. मूल्यं उणे 2 ते अधिक 8 आहेत आणि तुम्ही निळा-पांढरा-लाल कलरमॅप घेतला. मधला पांढरा शून्यावर येईल असं वाटतं ना? तो येतो 3 वर! अधिक 1 असलेला आकार निळसर दिसतो आणि पाहणारा त्याला ऋण समजतो. मर्यादा उणे 8 ते अधिक 8 अशा ठेवा. दोन्ही बाजूंना वेगवेगळं प्रमाण देणारी सोयही आहे, पण तिच्यात उणे 2 हा अधिक 8 इतकाच गडद होतो, म्हणून मी ती क्वचितच वापरतो. शेजारी-शेजारी दोन चित्रं लावणार असाल, तर दोघांच्या मर्यादा एकच हव्यात.

आता रंगांबद्दल. इंद्रधनुषी ‘जेट’ कलरमॅपमध्ये उजळपणा मध्येच चढतो, मध्येच उतरतो, त्यामुळे माहितीत नसलेले पट्टे डोळ्याला दिसतात. म्हणूनच 2017 मध्ये आलेल्या मॅटप्लॉटलिब 2.0 पासून ‘विरिडिस’ हा आपण काही न सांगता मिळणारा (डीफॉल्ट) कलरमॅप झाला. त्याचा उजळपणा एकसारखा वाढत जातो. कृष्णधवल छपाईतही क्रम टिकतो, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही तो वाचता येतो.

आकारांच्या कडांना पांढरी बारीक रेघ पुरते. काळी जाड रेघ लहान आकारांचा रंगच गिळते. आणि ज्या आकाराची माहितीच नाही, त्याला सहसा काहीच रंग मिळत नाही, मागची पार्श्वभूमी दिसते. त्याला मुद्दाम राखाडी रंग द्या आणि ‘माहिती नाही’ असं कलरबारशेजारी (कोणता रंग म्हणजे किती, हे दाखवणाऱ्या पट्टीशेजारी) लिहा.